वाचकांचे प्रश्न : बटण दाबायच्या आधी दिवे बघा

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरच्या इंटरनेटबद्दल काही अडत असेल तर लिहा, तर एकट्या इंदूरहून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "बंद करून चालू केलं तरी होत नाहीये". बंद-चालू करायला माझी ना नाही, खूपदा त्यानेच काम होतं, पण त्याच्या आधी अर्धा मिनिट इंटरनेटच्या डब्यासमोर, म्हणजे राउटरसमोर, उभे रहा आणि मोबाईलने दिव्यांचा एक फोटो काढून ठेवा, कारण बिघाड कुठे आहे ते त्याच वेळी तिथे दिसत असतं आणि स्विच बंद केला की ते गेलं.

प्रश्न : दादा, आम्ही राजवाड्याच्या मागे राहतो. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) निघाल्या तेव्हा उंच झांकी अडकू नये म्हणून गल्लीतल्या पोरांनी बांबूने वायरी वर उचलून धरल्या होत्या. त्या रात्रीपासून नेट मधूनच जातं, दिवसातून चार-पाच वेळा. एक लाल दिवा लुकलुकतो, मग आपोआप बंद होतो. कंपनीवाले दर वेळी फोनवर रीस्टार्ट करायला सांगतात. डबाच बदलून घ्यावा का? — एक वाचक, राजवाडा

डबा अजिबात बदलू नका, त्याचा काही दोष दिसत नाही. तो लाल दिवा ज्यावर एलओएस लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की बाहेरून काचेच्या तारेतून जो उजेड यायला पाहिजे तो डब्यापर्यंत पोचत नाहीये. फायबरच्या आत जी काच असते ती केसाएवढी बारीक, जोरात ताणली किंवा कुठे घट्ट मुडपली की उजेड वाटेतच गळतो. त्याच्या बाजूचा पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर डबा कंपनीच्या मशीनशी जोडला गेलाय, तोच हिरवा लुकलुकत असेल तर जोडायचा प्रयत्न चालू आहे असं समजा. तुमचं मधूनच जातं-येतं म्हणजे तार तुटलेली नाहीये, ताणली गेलीय नाहीतर एखादा जोड ढिला झालाय, आणि हे रीस्टार्टने कधीही बरं होणार नाही, डब्याने शंभर वेळा डोळे उघडले तरी बाहेर अंधार तो अंधारच.

आमच्या मावशीकडे सुदामानगरला अगदी हेच झालं होतं. तीन वेळा तक्रार झाली, एकदा माणूस येऊन डबा बदलून गेला, तरी रोज दुपारी नेट बंद. मी गेलो तेव्हा बघितलं की पांढरी बारीक तार सरकत्या खिडकीच्या खोबणीतून आत घेतलीय, आणि दुपारी ऊन येतं म्हणून मावशी खिडकी पूर्ण लावून घेते. खिडकीची काच दोन बोटं मागे सरकवली, लाल दिवा गेला, पॉन लुकलुकायला लागला आणि थोड्या वेळात स्थिर झाला. परत काच लावली, परत लाल. मावशी माझ्या शेजारी उभी राहून बघत होती, तिने स्वतः दोनदा सरकवून बघितली तेव्हा तिची खात्री पटली. लाईनमनने नवी तार भिंतीला भोक पाडून आत घेतली आणि तेव्हापासून एकही तक्रार नाही. म्हणून म्हणतो की आधी घरातली तार डब्यापासून खिडकीपर्यंत बोट फिरवत बघून घ्या, कपाटामागे दबलीय का, खिळ्याला गुंडाळलीय का, उंदराने कुरतडलीय का. फक्त तार काढून तिच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो उजेड आपल्याला दिसत नाही पण डोळ्यावर पडतो, आणि टोकाला बोटही लावू नका, धुळीच्या कणानेसुद्धा फरक पडतो.

आता पुरावा. डब्याचं स्वतःचं एक पान असतं, त्यात सगळी हकीकत लिहिलेली असते. मोबाईल घरच्या वायफायला जोडा, मोबाईलचा डेटा बंद करा (नाहीतर नेट नाही बघून फोन आपणहून डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही), आणि ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत डब्याचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका, मराठी आकडे चालत नाहीत. नाही उघडलं तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो टाका. युझरनेम-पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर बघा. आत स्टेटसमध्ये ऑप्टिकल किंवा पॉन नावाच्या पानावर आरएक्स पावर दिसेल, म्हणजे डब्यापर्यंत किती उजेड पोचतोय त्याचं माप, तो उणे आकड्यात असतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २५ म्हणजे काठावर, आणि उणे २७ च्या खाली गेला की बहुतेक घरगुती डब्यांची हद्द संपते. तीन आकडे उतरले म्हणजे उजेड निम्मा झाला असं ते गणित आहे, त्यामुळे २२ आणि २८ हा फरक दिसायला लहान असला तरी उजेड चौथाईवर आलेला असतो.

दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तो आकडा वहीत लिहा आणि मग फोन करून सरळ सांगा, "एलओएस लाल आता है, आरएक्स पावर कभी माइनस बाईस, कभी माइनस अट्ठाईस, रीस्टार्ट कर चुके हैं, खंभे से घर तक की लाइन चेक करवाइए." एवढं ऐकलं की समोरचा माणूस तुम्हाला रीस्टार्ट सांगत बसत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. आणि तक्रारीचा नंबर मागून घ्याच.

प्रश्न : दादा, मी भंवरकुआंला रूम घेऊन एमपीपीएससीची तयारी करतोय. रोज रात्री आठ ते अकरा ऑनलाइन क्लासच्या वेळीच नेट अडकतं. लाल दिवा वगैरे काही नाही, सगळं हिरवं दिसतं. काय करू? — एक विद्यार्थी

सगळं हिरवं असून अडकतं हे जास्त चिवट दुखणं आहे, पण वरच्या उत्तरात सांगितलेल्या डब्याच्या स्टेटसच्या पानावर दोन कालावधी लिहिलेले असतात ते बघ. एक सिस्टीम अपटाइम, म्हणजे डबा किती वेळापासून सलग चालू आहे. दुसरा वॅन किंवा इंटरनेट अपटाइम, म्हणजे बाहेरचं कनेक्शन किती वेळापासून टिकून आहे. क्लास अडकला की लगेच उघड.

डबाच दहा मिनिटांपूर्वी चालू झालेला दिसला आणि तू त्याला हात लावलेला नाहीस, तर तो आपोआप बंद पडून चालू होतोय, म्हणजे अ‍ॅडॉप्टर थकलाय किंवा एक्स्टेन्शन बोर्डाची पिन ढिली आहे. अ‍ॅडॉप्टर बदलताना त्यावर छापलेला व्होल्ट आकडा तोच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालेल, मालकांच्या घरात पडलेला कुठलाही अ‍ॅडॉप्टर खुपसू नकोस, त्याने डबा जळालेला मी बघितलाय. डबा बारा दिवस चालू आणि वॅन दहा मिनिटं असेल तर कनेक्शन बाहेरून तुटतंय, तो स्क्रीनशॉट कंपनीला पाठव.

आणि दोन्ही आकडे मोठे असतील तर गडबड रूममधल्या वायफायची आहे, आणि मला वाटतं तुझं हेच निघेल. तुमच्या त्या भागात एका बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर राउटर, रात्री आठला सगळे एकदम क्लास लावतात, आणि वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न भिडणारे चॅनल, म्हणजे रस्ते, तीनच, १, ६ आणि ११. सगळे एकाच चॅनलवर बसले की सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दहाला स्कूटर काढण्यासारखं होतं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोड, एका खोलीपुरतं ते उत्तम चालतं. त्याहून पक्कं म्हणजे पाच मीटरची लॅन केबल आणून थेट लाव. परीक्षेच्या अभ्यासाला एवढा खर्च नक्की कर बाबा, केबलला शेजाऱ्याचा त्रास होत नाही.

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे पण डाउनलोड करताना फक्त १२ दाखवतं. फसवणूक आहे का? — एक वाचक, विजयनगर

नाही, तुम्हाला पूर्ण मिळतंय. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दाखवतात, आठ बिटांचा एक बाइट, १०० भागिले ८ करा. मात्र ज्यांचा प्लॅन ३०० चा आहे आणि केबल लावूनही ९४-९५ च्या पुढे जात नाही त्यांनी केबल बदलून बघा, आतल्या आठपैकी चारच तारा नीट लागत असतील तर वेग १०० वरच थांबतो. काही स्वस्त राउटरचा पोर्टच तेवढा असतो.

प्रश्न : वायफाय जोडलेलं दिसतं पण माझ्या एकाच फोनवर "इंटरनेट नाही" येतं, घरात बाकी सगळ्यांचं चालू आहे. — एक वाचक, रामबाग

मग राउटरला हात लावू नका. फोनमध्ये ते वायफाय 'फॉरगेट' (विसरा) करून परत जोडा. नाही झालं तर सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा, कुणीतरी जाहिराती बंद करायला म्हणून तिथे काही नाव टाकून दिलेलं असतं आणि ते बंद पडलं की साइटचे पत्तेच सापडत नाहीत. ते ऑटोमॅटिक करा.

प्रश्न : नेट हळू होतं म्हणून मुलाने डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबलं. आता वायफायचं नावच बदललंय आणि नेट बंद. पती टूरवर आहेत, मला खूप टेन्शन आलंय. — एक वाचक, तिलकनगर

ताई, टेन्शन घेऊ नका, डबा खराब झालेला नाही आणि मुलाला रागवूही नका, त्याने मदत म्हणूनच केलं. ते भोक रीसेटचं आहे, रीस्टार्टचं नाही. रीस्टार्टने डबा नुसता झोपून उठतो, रीसेटने त्यातलं सगळं पुसून तो दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. वायफायचं जुनं नाव-पासवर्ड गेला, आणि बऱ्याच कंपन्यांचं कनेक्शन युझर आयडी-पासवर्डवर चालतं, तोही गेला. आत्ता डब्याखालच्या स्टिकरवर जे वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला आहे त्याने फोन जोडा. मग कंपनीला फोन करा, "राउटर रीसेट हो गया है, पीपीपीओई की आईडी-पासवर्ड चाहिए" म्हणा, काही कंपन्या लांबूनच भरून देतात, काही माणूस पाठवतात. नेट चालू झालं की वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे टीव्ही, कॅमेरा, सासूबाईंचा फोन सगळं आपोआप जोडलं जाईल, एकेक धरून बसावं लागणार नाही. आणि ती आयडी गॅसच्या पुस्तकात वगैरे लिहून ठेवा.

प्रश्न : आम्ही लोकमान्यनगरच्या जुन्या घरात राहतो, भिंती दीड-दोन फुटी. नातू अमेरिकेत आहे, रविवारी सकाळी फोन करतो. हॉलमध्ये चेहरा स्पष्ट दिसतो, पण हे आजारी असल्यामुळे आतल्या खोलीत झोपून असतात आणि तिथे चित्र थांबतं, आवाज तुटतो. त्यांना नातवाशी बोलायचं असतं. — एक आजी

आजी, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या नेटमध्ये काही बिघाड नाहीये, वायफायला ती भिंत झेपत नाहीये. आधी बिनपैशाचं करून बघू. डबा टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाजवळ असेल तर तिथून काढून, तार पोचते तेवढ्यात, आतल्या खोलीच्या दाराच्या रेषेत उंचावर ठेवायला सांगा. भिंतीतून लहर जात नाही पण उघड्या दारातून जाते. आरसा आणि पाण्याची टाकी मध्ये नको. मग आजोबांच्या फोनमध्ये वायफायची दोन नावं दिसतात का बघा, एकाच्या शेवटी ५जी असेल तर ते सोडून दुसरं जोडा, ५ वालं वेगवान असतं पण भिंतीत लवकर मरतं, दुसरं सावकाश पण लांब पोचतं आणि व्हिडिओ कॉलला भरपूर होतं. त्या वेळी मायक्रोवेव्ह चालू नको, तो त्याच लहरींवर चालतो.

एवढं करूनही तुटलं तर वायफाय वाढवायची म्हणून जी प्लगमध्ये खोचायची डबी मिळते ती घेऊ नका, तिला स्वतःलाच भिंतीमुळे अर्धं मिळतं, ती पुढे काय देणार. त्यापेक्षा एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल छताच्या कडेने ओढून घ्या आणि तिथे एक साधा दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून लावा, आजोबांच्या पलंगापासून दोन हातांवर. बसवणाऱ्याला हाच शब्द सांगा, अ‍ॅक्सेस पॉइंट, त्याला कळेल. शनिवारीच लावून घ्या म्हणजे संध्याकाळी शेजारच्या कुणाला व्हिडिओ कॉल करून बघता येईल, आणि रविवारी आजोबांचं बोलणं झालं की मला दोन ओळी नक्की लिहा.