शेवटून दुसरी ओळ

प्रिय ताई,
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोलापुरात पूर्व भागात राहते. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, अम्मा विड्या वळते, धाकटा भाऊ अकरावीला आहे. मी ८०० मीटर पळते. माझी वेळ २ मिनिटं १७ सेकंद आहे. कॉलेजने क्रीडा कोट्यातून फी माफ केलीय. पुस्तकं, येणं-जाणं आणि थोडा घरखर्च एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर चालतो. त्यांची अट अशी की ६० टक्के पाहिजेत आणि एकही विषय राहता कामा नये. मागच्या सत्रात ६१ पडले. आता विद्यापीठ संघाचं शिबिर आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल एकाच आठवड्यात आलंय. शिबिर सोडलं तर सर संघातून काढतील, प्रॅक्टिकल सोडलं तर विषय राहील. वडील म्हणतात, पोलीस भरती दे आणि मोकळी हो. मला एम.एस्सी. करायचंय आणि पळायचंही आहे. पहाटे साडेचारला उठते, रात्री बाराला झोपते. वजन चार किलो उतरलंय, चार महिने पाळी आली नाही, पण मैदानावरच्या मुली म्हणतात, पळणाऱ्यांचं असंच असतं. मी कुठं कमी पडतेय, सांगा की.
– एक धावपटू

बाळ,

शिबिर, प्रॅक्टिकल, भरती, सगळ्याकडे येते. पण आधी शेवटून दुसऱ्या ओळीकडे. ती तू घाईघाईत उरकलीस आणि माझं सगळं लक्ष तिथंच अडकलं.

पळणाऱ्यांचं असंच नसतं. खूप मुलींचं होतं हे खरं, पण म्हणून ते ठीक होत नाही. घरात पैसा कमी पडला की अम्मा काय करते? आधी सणाचं कापते, मग दुधाचं, मग दवाखान्याचं. शरीरही तसंच करतं. तू रोज जेवढं खर्च करतेस तेवढं पोटात जात नाही, म्हणून त्याने आज ज्यावाचून अडत नाही ते आधी बंद केलं असावं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि क्रीडावैद्यक तिच्याकडे गांभीर्याने बघायला लागलं. पाळी थांबते तेव्हा बहुतेक वेळा इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालेलं असतं, आणि हाडांची मजबुती त्याच्यावर चालते. तुझं वय हाडं भरण्याचं आहे. अशात नडगी दुखायला लागली आणि तू तशीच पळत राहिलीस, तर हाडाला बारीक चीर जाते आणि अख्खा हंगाम घरी बसून काढावा लागतो. मग ना शिबिर, ना भरती.

तेव्हा या आठवड्यात सिव्हिलला जा. स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढ आणि डॉक्टरांना तीनही गोष्टी एकदम सांग: चार महिने पाळी नाही, चार किलो वजन उतरलं, रोज इतकं पळते. यातली एक जरी गाळलीस तरी त्यांचा अंदाज चुकेल. ते हिमोग्लोबिन बघतील, थायरॉइड बघतील, आणखीही काही विचारतील. लाजू नकोस, सरळ उत्तरं दे. कारण दुसरंच काही निघू शकतं, म्हणून माझ्या शब्दावर थांबू नकोस. अम्माला बरोबर ने. तिला यातलं काही माहीत नाही, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

तोवर खाण्याचं बघ. मैदानावरून आल्यावर नुसता चहा पिऊन कॉलेज गाठत असशील, तर ते आजपासून बंद. पिशवीत भाकरी, शेंगाचटणी आणि एक केळ ठेव, आणि पळणं संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत तिथंच पायरीवर बसून खा. अंडी खात असशील तर दोन उकडून ने. उसळीवर लिंबू पीळ, जेवणाबरोबर चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. हे सगळं घरात आहे, बाहेरून विकत आणायचं जवळजवळ काही नाही. आणि साडेचार तास झोपून कुणाचीच वेळ सुधारत नाही. आठवड्यातला एक दिवस मैदानावर जायचंच नाही आणि रोज दहाला दिवा मालवायचा. अभ्यासाचे दोन तास जातील असं वाटेल. रात्री अकरा ते बारा तू जे वाचतेस त्यातलं सकाळी किती आठवतं, ते स्वतःला प्रामाणिकपणे विचार.

आता शिबिर आणि प्रॅक्टिकल. यात माझं मत स्पष्ट आहे: प्रॅक्टिकल सोडायचं नाही. फीमाफी गेली तर तिच्यासाठी भांडता येईल. एकदा विषय राहिला की ट्रस्टच्या कागदावर तो कायमचा राहिला. पण हे ‘एक धरू की दुसरं’ असं आहे, हे तू कुणाला न विचारताच ठरवलंयस. सरांना तारीख सांगितलीस का? विभागप्रमुखांना? पत्रात कुठं दिसत नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडलेल्या असतात, आणि विद्यापीठासाठी खेळणाऱ्या मुलीची बॅच पुढे-मागे करणं ही काही जगावेगळी मागणी नाही. बॅच बदलत नसेल, तर शिबिरातून एका दिवसाची सुट्टी मागायची.

मात्र मागायचं ते लेखी. हे मी पोळलेली बाई म्हणून सांगते. मी खो-खो खेळायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात तोंडी सांगितलं, टेबलावरच्या माणसाने मान डोलावली, आणि परत आले तर गुणपत्रकावर ‘गैरहजर’. दाखवायला माझ्याकडे चिठोरंही नव्हतं. तू अर्ज प्राचार्यांच्या नावाने लिही, शारीरिक शिक्षण संचालकांची शिफारस त्याच कागदावर घे, शिबिराचं पत्र जोड. दोन प्रती कर. एक आवकमध्ये दे आणि दुसरीवर तारखेसह शिक्का मारून पोच घे. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. ट्रस्टलाही एक पत्र पाठव: मी विद्यापीठासाठी खेळते, प्रकृतीची तपासणी चालू आहे, गुण राखण्याचा प्रयत्न करतेय. त्यांना आधी कळलेलं बरं. निकालानंतर पाठवलेलं पत्र सबब वाटतं.

एक गोष्ट भावासाठी. अम्माकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे ना? केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. दुसरी शिष्यवृत्ती चालू असली की ती मिळत नाही, म्हणून तुझ्या कामाची नाही. पण तो अकरावीला आहे, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर त्याच्या नावाने भरा. घरखर्चातलं तेवढं ओझं तुझ्या पायांवरून उतरेल.

आता वडिलांचं. ‘पोलीस भरती दे आणि मोकळी हो’ हे वाक्य तुला लागलंय, ते दिसतं. पण रात्रभर मागाच्या खडखडाटात उभं राहणाऱ्या माणसाला मुलीच्या नावावर पगार दिसावासा वाटतो, त्यात चूक काय? शिवाय भरतीचं गणित तुझ्या बाजूने आहे. शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटरसाठी २० गुण असतात, आणि २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं की पूर्ण मिळतात. तू त्याच्या अर्धा मिनिट पुढे आहेस. १०० मीटर आणि गोळाफेक मिळून आणखी ३० गुण, आणि मग १०० गुणांची लेखी: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. मैदान गाजवून लेखीत मागे पडलेली पोरं आपल्या शहरात गल्लीगल्लीत सापडतील. तुझ्या घरी तेलुगू बोलत असतील तर व्याकरणाला रोज अर्धा तास दे, ते पुढेही उपयोगी पडेल.

नोकरी लागली की पळणं संपतं, ही तुझी भीती मला ओळीओळीत दिसली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं गेल्यावरच खरा पळायला लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्य आणलं. नेमबाज स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य घेतलं तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पोलीस, रेल्वे, सैन्य यांचे स्वतःचे संघ असतात, आणि खेळाडूला तिथं किट, प्रशिक्षक आणि पगार तिन्ही मिळतात.

पण मी तुला खोटं स्वप्नही दाखवणार नाही. ८०० मीटरचा महिलांचा राष्ट्रीय विक्रम टिंटू लुकाचा, १ मिनिट ५९.१७ सेकंदांचा, २०१० पासूनचा. तुझे २:१७ विद्यापीठात नाव करणारे आहेत, पण त्या आकड्यापासून लांब आहेत. पोटभर जेवून, पुरेसं झोपून तू किती पळतेस हे अजून कुणालाच माहीत नाही, तुलाही नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ व्या वर्षापर्यंत उतरता येतं. तू एम.एस्सी. केलीस तर ती दोन वर्षंही खेळायला मिळतात. म्हणून आज काहीही कायमचं सोडू नकोस. पदवी पूर्ण कर, ती असली की फौजदारकीची परीक्षाही खुली होते. मधे भरती निघाली तर फॉर्म भर. वडिलांना तसं आजच सांग, म्हणजे ते रोज विचारायचं थांबतील.

प्रमाणपत्रांचं तेवढं लगेच कर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण कुठल्या पदाला कुठल्या पातळीची कामगिरी चालते हे ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. आपल्याकडचे अर्ज पुण्याला विभागीय उपसंचालकांकडे जातात. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत टळते. माझी प्रमाणपत्रं पत्र्याच्या ट्रंकेत होती. एका पावसाळ्यात पाणी शिरलं, शाई पसरली आणि माझं नावही वाचता येईना. तू प्लास्टिकची फाइल घे, प्रत्येक स्पर्धेचा निकालपत्रकाचा कागद प्रमाणपत्राच्या मागे लाव आणि सगळ्याचे फोटो भावाच्या फोनमध्येही ठेव.

तू विचारलंस, मी कुठं कमी पडतेय. तू कमी पडत नाहीयेस, तू कुणाला काही सांगत नाहीयेस. सरांना पाळीचं माहीत नाही, विभागप्रमुखांना शिबिराचं, ट्रस्टला खेळाचं, वडिलांना एम.एस्सी.चं. चार जण चार बाजूंनी तुला ओढतायत आणि दोरी दुसऱ्याच्याही हातात आहे हे एकालाही ठाऊक नाही.

सरांशी बोलणं अवघड जाईल, कळतं मला. पाळीचं पुरुषासमोर काढायचं म्हणजे जीभ रेटत नाही. मग डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घे: इतके आठवडे सराव कमी, अमुक तपासण्या चालू. चिठ्ठी हातात दे, बाकी बोलू नकोस. ती वाचूनही कुणी ‘पळणाऱ्यांचं असंच असतं’ म्हणालं, तर त्या माणसाचं या बाबतीत ऐकायचं नाही, भले त्याने किती पदकं आणून दिली असोत.

सिव्हिलला सकाळी लवकर जा, नंतर केसपेपरची रांग वाढते. अम्माला त्या दिवशी विड्यांचं सूप खाली ठेवावं लागेल, हजार विड्यांचा हिशेब चुकेल, तरी ने. रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिनचा आकडा मला कळव, आणि प्रॅक्टिकलची बॅच कुठली मिळाली तेही.

तुझी ताई