शुक्रवारी फेलोशिपला बोलावलंय, जाऊ का?

प्रश्न : ताई, मी ऑगस्टमध्ये एमएससाठी इलिनॉयला, अर्बाना-शँपेनला आले. आमच्या लॅबमधली एक अमेरिकन मुलगी खूप चांगली आहे, माझ्याकडे गाडी नाही तर तीच मला ग्रोसरीला घेऊन जाते. ती म्हणाली शुक्रवारी कॅम्पसवर आमची ख्रिश्चन फेलोशिप असते, ये ना, जेवण पण असतं. मला नाही म्हणवत नाहीये आणि जायची जरा धास्ती पण वाटतेय. आमच्या घरी गणपती बसतात, बाकी मी देवाचं फार काही करत नाही. शिवाय मी व्हेज आहे. तिथे नेमकं काय चालतं? प्रार्थना म्हणायला लावतात का? आणि एवढ्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत हे असलं चालतं कसं?

उत्तर : अगं जा की. फेलोशिप म्हणजे ख्रिश्चन विद्यार्थ्यांची दर आठवड्याची सभा, इथे शिष्यवृत्तीशी संबंध नाही. जाऊन बघितल्याशिवाय तुला कळणार कसं, आणि एका संध्याकाळी तुझे गणपती कुठे जात नाहीत.

आधी काय चालतं ते सांगते, म्हणजे दारातच बावरायला नको. बहुतेक ठिकाणी एखादा लेक्चर हॉल नाहीतर स्टुडंट युनियनमधली खोली बुक केलेली असते. दाराशी कोणीतरी मार्कर आणि स्टिकर घेऊन उभं असतं, नाव लिहायचं आणि छातीवर चिकटवायचं, तुझं नाव तीन वेळा विचारतील आणि तिन्ही वेळा चुकीचं म्हणतील, ते मनावर घेऊ नकोस. कपडे जीन्स टी-शर्ट, चपला बूट बाहेर काढायचे नसतात. मग गाणी. पेटी-तबला नाही, गिटार आणि ते बसून वाजवायचं लाकडी खोकं असतं ना, कहोन, ते, आणि शब्द पडद्यावर. काही जण डोळे मिटून हात वर करतात, एखादा रडतोसुद्धा, पहिल्यांदा बघताना अवघडल्यासारखं होतं. तुला गायचं नसेल तर नुसती उभी राहा, बसलीस तरी कोणी बघत नाही. मग सूचना, कोणाची ट्रिप, कोणाचं रिट्रीट, मग कोणीतरी बायबलमधला एक उतारा घेऊन अर्धा तास बोलतं. बोलणारा पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, असेलच असं नाही, बऱ्याचदा संस्थेचा स्टाफ असतो, कधी थर्ड इयरचा पोरगाच. एखादा उठून आपली साक्ष देतो, म्हणजे मी आधी कसा होतो आणि येशूमुळे काय बदललं ते. शेवटी चार-पाच जणांचे गट करून गप्पा आणि प्रार्थना, आणि सगळं संपल्यावर जी मंडळी रात्री उशिरा खायला बाहेर पडतात ना, खरी ओळख तिथे होते.

त्या छोट्या गटात तुला विचारतील, तुझ्यासाठी कशाबद्दल प्रार्थना करू? याला ते प्रेयर रिक्वेस्ट म्हणतात. मिडटर्म सांग, इंटर्नशिप मिळत नाहीये सांग, काही नको असेल तर "आज राहू दे" म्हण. प्रार्थना तेच म्हणतात, तुला म्हणावी लागत नाही, आमेन पण म्हणायची सक्ती नाही. कोणी खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करू का विचारलं आणि तुला नको वाटलं तर सरळ नको म्हण, वाईट वाटून घेत नाहीत. एक मात्र सांगून ठेवते, कारण हे कोणी सांगत नाही : तिथे सांगितलेली गोष्ट तिथेच राहते असं नाही. अगदी चांगल्या मनाने ती प्रार्थनेच्या यादीत जाते, ग्रुपमी या चॅट अॅपवर जाते, आणि पुढच्या आठवड्यात तुला न ओळखणारी मुलगी येऊन विचारते की तुझ्या बाबांचं ऑपरेशन कसं झालं. म्हणून घरातलं खाजगी पहिल्याच दिवशी उघडू नकोस.

कधी बायबल स्टडीला बोलावतील, तो वेगळा प्रकार, हॉस्टेलच्या लाउंजमध्ये सात-आठ जण. इंटरव्हर्सिटी नावाची जी संस्था आहे तिच्या ग्रुपांमध्ये एक पद्धत मला फार आवडते, उताऱ्याचे कागद छापून देतात, त्यावर अध्याय नाही, वचनांचे आकडे नाहीत, बाजूला भरपूर मोकळी जागा, आणि रंगीत पेन्सिली घेऊन प्रत्येकाने खुणा करायच्या, कुठला शब्द परत आला, कोण कोणाशी बोलतंय, इथे मला पटलं नाही. तू हिंदू आहेस म्हणून तुझे प्रश्न कमी दर्जाचे ठरत नाहीत, उलट ज्यांनी लहानपणापासून तीच गोष्ट ऐकलीय त्यांना जे दिसत नाही ते तुला दिसतं, आणि अशा टेबलावर नव्या माणसाला भाव असतो.

खाण्याचं आधीच सांग. "व्हेजिटेरियन" एवढ्यावर थांबू नकोस, अंडं, मासा, चिकन स्टॉक चालतो की नाही तेही बोल. पिझ्झ्यावर पेपरोनी असेल तर ते बहुतेक डुक्कर आणि गाईचं मांस, चिली म्हणून जो वाडगा देतात त्यात बहुतेक वेळा बीफ असतं, मार्शमेलो आणि जेलोत जिलेटिन असतं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग, तेव्हा कोणी घरी जेवायला नेईल, तिथलं स्टफिंग पावाचं दिसलं तरी टर्कीच्या रसात केलेलं असू शकतं. जाताना तू काही नेलंस तर उत्तमच, कांदेपोहे न्यायला हरकत नाही पण गार झाले की त्यांची मजा जाते, चिवडा ने, तो अर्ध्या तासात संपेल.

आता सरकारी युनिव्हर्सिटीचं. तिथे नियम असा आहे की इतर विद्यार्थी संघटनांना खोल्या देता तर फक्त धार्मिक आहे म्हणून एखाद्या संघटनेला नाकारता येत नाही. १९८१ साली मिसुरी युनिव्हर्सिटीच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवरच्या एका ख्रिश्चन ग्रुपची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथे हे ठरलं. म्हणजे युनिव्हर्सिटी त्यांचा धर्म चालवत नाही, बुद्धिबळ क्लबला जशी खोली तशी त्यांना. आणि तुझा कॅम्पस तर या बाबतीत भलताच जुना खेळाडू आहे. ज्यू विद्यार्थ्यांची हिलेल ही संघटना १९२३ मध्ये तिथेच सुरू झाली, अमेरिका-कॅनडातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना १९६३ मध्ये तिथेच, आणि इंटरव्हर्सिटीचं मिशनचं, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामाचं, मोठं संमेलन १९४८ पासून २००३ पर्यंत साधारण दर तीन वर्षांनी तिथे भरायचं, पुढे ते दुसऱ्या शहरांत गेलं तरी नाव अर्बानाच राहिलं. क्वाड डेला, म्हणजे सगळे विद्यार्थी क्लब मैदानात टेबलं मांडतात त्या दिवशी, तू ती बघितली असशीलच, हिंदू विद्यार्थ्यांचं पण शोध, दिवाळीला उपयोगी पडेल.

राहिला तुझा न विचारलेला प्रश्न, की ही मुलगी मला ग्रोसरीला नेते ती याच्यासाठी का. माझं मत सांगते. ती मुलगी तुझ्यावर मनापासून माया करते आणि तू येशूवर विश्वास ठेवावास असंही तिला मनापासून वाटतं, तिच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, आपल्याला जे चांगलं वाटतं ते मैत्रिणीला सांगायचं, एवढं साधं. त्यात कपट नाही. पण तिच्या गाडीतून गेलीस म्हणून तू तिला विश्वास देणं लागत नाहीस. पेट्रोलचे पैसे दे, तिला एकदा वरणभात करून घाल, तेवढं देणं पुरे. आणि पहिल्याच शुक्रवारी हसत सांगून टाक, की मी हिंदू आहे, मला बघायला ऐकायला आवडेल, धर्म बदलायला नाही आले. हे वाक्य पहिल्या दिवशी सोपं जातं, तिसऱ्या महिन्यात फार जड जातं. नाहीच जायचं असलं तर "फेलोशिपला नको, पण रविवारी कॉफीला जाऊ" म्हण. एवढ्यावरून ती तुटली तर तुला बरंच काही कळलं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत शिकतेय, ती दर आठवड्याला ख्रिश्चन मुलांच्या मीटिंगला जाते असं तिने बोलता बोलता सांगितलं. माझी झोप उडालीय. तिचे बाबा म्हणतात ताबडतोब बंद करायला सांग. ते लोक धर्मांतर करतात ना? नाशिकमधून मी काय करू शकते?

उत्तर : अहो काकू, तिने बोलता बोलता सांगितलं यातच अर्धं उत्तर आहे. लपवायचं असतं तर सांगितलं नसतं, आणि आत्ता ताबडतोब बंद कर म्हणालात तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

तुमची शंका खोटी नाही, उगाच धीर द्यायला मी ती झटकणार नाही. कॅम्पसवरच्या यातल्या बऱ्याच संस्था इव्हँजेलिकल, म्हणजे प्रचारावर भर देणाऱ्या, आहेत, लोकांना येशूबद्दल सांगणं हेच त्यांचं काम आणि ते तसं उघड लिहितात. हे कालपरवाचं पण नाही, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या कॉलेजांमधली अशी युनियन १८७७ ची आहे, अमेरिकेतली इंटरव्हर्सिटी १९४१ ची, कॅम्पस क्रूसेड १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत सुरू झाली आणि २०११ पासून नुसतं क्रू म्हणवते. परदेशी मुलांसाठी यांच्यात वेगळे विभाग आहेत. एअरपोर्टवरून आणणं, जुना सोफा-गादी देणं, सणाला घरी जेवायला बोलवणं, हे सगळं ते करतात. आपल्या लेकीला बर्फात गादी कोणी आणून दिली याचा आधी विचार करा, मग रागवा. आणि पिझ्झा खाऊन कोणी ख्रिस्ती होत नाही काकू. बाप्तिस्मा स्वतः मागून, समजून, सगळ्यांसमोर घ्यावा लागतो.

काळजी केव्हा करायची ते मात्र नीट ऐका. ग्रुपचं नाव विचारल्यावर ती सांगू शकत नसेल, किंवा त्यांनीच "नाव नंतर कळेल" म्हटलं असेल. आठवड्यात एका संध्याकाळचं चार संध्याकाळी झालं असेल आणि अभ्यास मागे पडत असेल. जुन्या मैत्रिणींना भेटू नकोस, घरी हे सांगू नकोस असं कोणी शिकवत असेल. पैशाचा ठरावीक हिस्सा मागत असेल. एकाच "गुरू" मुलीला विचारल्याशिवाय ती काही ठरवत नसेल. यातलं काही दिसलं तर युनिव्हर्सिटीच्या डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसशी तिने स्वतः बोलावं, हे ऑफिस असल्याच गोष्टींसाठी असतं आणि ग्रुप नोंदलेला आहे की नाही तेही तिथून कळतं. नोंदलेल्या ग्रुपमध्ये असं काहीच होत नाही असं नाही, पण तिथे तक्रार ऐकणारं कोणीतरी असतं.

बाकी तुम्ही फोनवर "जातेस कशाला" ऐवजी "काय काय असतं गं तिथे, काय गातात, तुला काय आवडलं" असं विचारा. खरंच ऐकायचं असेल तरच विचारा, आवाजातून लगेच कळतं. बऱ्याच मुलींना तिथे येशूपेक्षा आधी माणसं मिळालेली असतात, एकटेपणा फार असतो हो तिकडे, थंडीत पाचच्या आतच अंधार पडतो आणि रूममेट दार लावून बसते. बाबांना सांगा, ती सज्ञान आहे, तिने उद्या काही वेगळं ठरवलंच तर तो तिचा निर्णय असेल, आणि तेव्हा तिने पहिला फोन तुम्हाला करावा असं वाटत असेल तर आत्ताचे फोन बिघडवू नका.

प्रश्न : मी नगरचा, मराठी ख्रिस्ती, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आमचा छोटा ग्रुप आहे. रूममेट (हिंदू) म्हणतो मला पण यायचंय एकदा, बघायचंय. आणू का? लोक उगाच काही बोलतील अशी भीती वाटते, आणि तो बोअर झाला तर?

उत्तर : तो स्वतः म्हणतोय ना, मग आण. फक्त आधी त्याला काय काय होणार ते सांग, आणि तुझ्या ग्रुपला पण सांग की हा पाहुणा आहे, पहिल्याच दिवशी त्याला "तू येशूला कधी स्वीकारणार" विचारणारा जो एक उत्साही मुलगा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो त्याला आधीच कोपऱ्यात घे. मीटिंग कॅम्पसवर असेल तर कॉलेजची परवानगी लेखी असू दे, वातावरण तुला माहितीच आहे, लपूनछपून केलं की साध्या गाण्याचा पण संशय येतो. तुमचा ग्रुप यूईएसआय या ख्रिश्चन विद्यार्थ्यांच्या संस्थेशी जोडलेला असेल तर सीनियरांना विचार, ती संस्था १९५४ पासून भारतातल्या कॉलेजांमध्ये काम करतेय, असे प्रश्न त्यांनी भरपूर हाताळलेत.

बोअर होण्याचं म्हणशील तर एक सुचवते. तुम्ही पोरं सगळी यूट्यूबवरची इंग्लिश वर्शिप गाणी घेऊन बसता, निम्म्यांना शब्द कळत नाहीत. तू नगरचा, तुझ्या आजीला नारायण वामन टिळकांची भजनं पाठ असतील बघ. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि मग अभंग, भजन, कीर्तन हे सगळं आपल्या घरचं घेऊन उपासनेत उतरले. त्यातलं एखादं टाळ-ढोलकीवर घ्या. रूममेट हरिपाठाच्या घरातला असला तर चाल त्याला बरोबर सापडेल, तोही टाळ धरेल, शब्दांवर तुमचं पटलं नाही तर चहा पिताना भांडा.

आणि मीटिंग मेसच्या वेळेत ठेवू नका. मागच्या बाकावरची मुलं निम्म्या प्रार्थनेत घड्याळ बघत असतात, आणि मेस बंद झाली की पाहुण्याला वडापावचा खर्च तुलाच पडेल.