बाकल्याचं बी कधी टोकावं? आधी उन्हाळा कधी लागतो ते पाहा

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी बाकला, म्हणजे ब्रॉड बीन, घेवड्याबरोबर एकाच दिवशी लावला. झाडं कमरेएवढी झाली, फुलांनी लगडली, पण शेंगा जेमतेम ओंजळभर मिळाल्या. यंदा कोणत्या महिन्यात लावू?

घोटाळा 'घेवड्याबरोबर' इथेच झाला. नावात बीन असलं तरी बाकला स्वभावाने वाटाण्याच्या जवळचा. घेवड्याला ऊब लागते, याला गारवा. दिवसाचं तापमान 25 अंशांच्या वर सरकायला लागलं की फुलगळ सुरू होते, आणि मग कितीही पाणी घाला, शेंग धरत नाही. म्हणून मी महिना बघत नाही. माझ्याकडे ऊन तापायला कधी लागतं ते बघते आणि तिथून साडेतीन-चार महिने मागे मोजते.

जिथे कडाक्याची थंडी नसते, तिथे रात्री गार व्हायला लागल्या की लगेच बी टोका; सगळा हिवाळा झाडाला मिळू द्या. जिथे जमीन गोठते तिथे दोन संधी असतात. उत्तर गोलार्धात पहिली ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, तीही थंडी सोसणारा वाण असेल तरच. 'अक्वाडुल्स क्लॉडिया' हा त्यातला जुना भरवशाचा. यात घाई करू नका. बोटभर उंचीचं रोप थंडी काढतं, पण लवकर पेरून वीतभर वाढलेलं कोवळं रोप मोडून पडतं. दुसरी संधी फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. माती साधारण 5 अंशांवर आली की बी हलतं, मात्र थंड मातीत कोंब दिसायला तीन आठवडेही लागतात. तेवढा धीर धरा.

तारखेपेक्षाही मी वाफसा, म्हणजे माती चिकट न राहता पेरण्याजोगी ओलसर होणं, जास्त मानते. एकदा पावसानंतर चिकट मातीतच बी टोकलं. महिना झाला तरी काही दिसेना, म्हणून उकरलं तर बी बोटात पिठासारखं चुरलं आणि आंबूस वास आला. सगळं कुजलं होतं. मूठभर माती दाबा. गोळा बोटाने ढकलल्यावर फुटला तर पेरा, नाहीतर थांबा. जमीन पाणी धरून ठेवणारी असेल तर शरद ऋतूतल्या पेरणीच्या नादी लागू नका. रोपं छोट्या कुंड्यांत करून नंतर लावा.

बी 5 सेंटीमीटर खोल, दोन रोपांत वीतभर अंतर. दाटी केली की ओलसर हवेत पानांवर चॉकलेटी ठिपके पडतात. नत्राचं खत नको, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेऊन ते काम करतात.

लवकर पेरण्याचा मोठा फायदा म्हणजे काळ्या माव्याचा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, त्रास कमी होतो. तो कोवळ्या शेंड्यावर बसतो, आणि उबदार दिवस आले की झपाट्याने वाढतो. लवकर लावलेल्या झाडाला तोवर शेंगा लागलेल्या असतात. खालच्या शेंगा बोटाच्या पेराएवढ्या दिसल्या की शेंडा चार बोटं खुडून टाका. माव्याचं घरच जातं.

सगळ्यात खालची दोन-चार फुलं गळली तर घाबरू नका, तेव्हा भुंगे फारसे फिरत नसतात. पांढऱ्या पाकळीवरच्या काळ्या ठिपक्याशी भुंगा घुटमळायला लागला की पुढच्या शेंगा धरतात.

आणि एक. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची) जन्मजात कमतरता असेल तर त्यांना बाकला मुळीच देऊ नका. त्याने रक्तपेशी फुटतात.