साथीच्या काळात मान्यता नसलेले औषध रुग्णाला मिळावे का?

दुसरा उपाय उरला नसेल, तर साथीच्या काळात मान्यता न मिळालेले औषध मागण्याचा हक्क रुग्णाला असावा का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. इंदूरमधील एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरील औषध चाचण्यांना परवानगी द्यायची की नाही हे तपासणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून सदस्य आहे. माझ्या मते हा हक्क असावा, मात्र औषध चाचणीतून, किंवा निदान काटेकोर नोंद ठेवून दिले जावे.

एप्रिल २०२१मध्ये आमच्या दवा बाजारात कोविडवरच्या रेमडेसिव्हिर या इंजेक्शनसाठी लोक उन्हातान्हात रांगा लावून उभे होते. दाखल रुग्णांचे मृत्यू या औषधाने फारसे टळत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत ऑक्टोबर २०२०मध्येच दिसले होते. घरातले किडूकमिडूक विकून इंजेक्शन आणणाऱ्या माणसांपर्यंत ही गोष्ट कोणी पोहोचवली नाही, आणि मला हा त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. याउलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते, हे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२०मध्ये, म्हणजे साथ ऐन भरात असताना, दाखवून दिले.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की मरणाच्या दारातल्या माणसाला नशिबाने औषधाविना राहणाऱ्या गटात टाकणे क्रूर आहे. आक्षेप रास्त आहे. पण प्रत्येक चाचणीत असा गट ठेवावाच लागतो असे नाही. २०१४च्या इबोला साथीत झेडमॅप हे औषध मोजक्या रुग्णांना मिळाले, त्याचा साठा संपला, आणि त्याचा उपयोग किती हे ठरलेच नाही. पुढे २०१८-१९मध्ये काँगोतील चाचणीत चार औषधांपैकी कोणते द्यायचे तेवढे चिठ्ठीने ठरले. औषधाविना कोणीच राहिले नाही. झेडमॅप घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले, तर इतर दोन प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधांच्या गटांत सुमारे एक तृतीयांश. एरवी बहुधा सगळ्यांनी झेडमॅपच मागितले असते.

इंदूरकरांना ‘चाचणी’ म्हटले की धास्ती वाटते, आणि तिला कारण आहे. स्वास्थ्य अधिकार मंच या इथल्याच संस्थेच्या, औषध चाचण्यांतील गैरप्रकारांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये रुग्णाच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला होता. संमती कागदावरच्या सहीपुरती राहू नये, यासाठी ही लढाई होती.

चाचणीबाहेरचा मार्गही आहे. २०१९च्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स’ नियमांनुसार जीवघेण्या आजाराच्या रुग्णासाठी भारतात परवानगी नसलेले नवे औषध आयात करण्याचा परवाना सरकारी रुग्णालयाला मागता येतो. अर्ज रुग्णालयाने करायचा असतो, नातेवाइकांनी नव्हे. चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर तिचा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील (देशातील चाचण्यांच्या नोंदवहीतील) नोंदणी क्रमांक आणि माहितीपत्रक मराठीत किंवा हिंदीत मागून घ्या. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद याच नियमांत आहे.