फी माफ, पण नेमकी कोणाची? शिष्यवृत्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

सीईटीचे निकाल लागले की या सदराची बहुतेक पत्रे शिष्यवृत्तीबद्दलच असतात. योजना कमी आहेत अशी तक्रार क्वचितच येते. ‘अर्ज केला होता, तरी मिळाली नाही’ हेच सूर जास्त. त्यातले काही निवडक प्रश्न.

मुलीला इंजिनिअरिंगला जायचे आहे. आम्ही ओबीसी, द्राक्षबाग आहे. मुलींची फी पूर्ण माफ म्हणतात, पण कॉलेजने फीचा मोठा आकडा सांगितला. खरे काय? (एक पालक, निफाड)

दोन्ही खरे असू शकते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झाले. आधी ही सवलत ५० टक्के होती, मुलांना अजूनही तेवढीच आहे. कॉलेजच्या आकड्यात मात्र विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस असे बरेच काही असते आणि ते माफ होत नाही. म्हणून फीचे बाबनिहाय पत्रक मागा. शिक्षण शुल्काची ओळ वेगळी दिसली की हिशेब उलगडतो.

दुसरी अट जास्त महत्त्वाची: प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झालेला हवा. कॅपमध्ये सिन्नरकडचे किंवा चांदवडचे कॉलेज मिळाले, ते सोडून शहरातल्या कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर जागा घेतली, तर सवलत गेली. चार वर्षांसाठी गेली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही, त्यामुळे पसंतीक्रम भरतानाच कॉलेज कोणत्या प्रकारचे आहे ते विचारून घ्या. आमचे मत विचाराल तर बागायतदार घरानेही ब्रँचच्या हौसेपायी कॅपची जागा सहजासहजी सोडू नये.

कागदांत ओबीसी पालकांची हमखास चूक होते ती अशी: नॉन-क्रीमी लेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचा) दाखला आहे, मग उत्पन्नाचा दाखला कशाला? दोन्ही वेगळे. नॉन-क्रीमी लेअर प्रांत कार्यालयातून मिळतो आणि त्यात शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, त्यात बागेचे उत्पन्न आणि आईवडील दोघांचीही कमाई धरली जाते. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, टाकावा लागतो. दाखल्याची मुदतही तपासा. गेल्या वर्षीचा दाखला चिकटवून अर्ज परत आलेली मुले दरवर्षी असतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्रही लागते.

महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, खात्यात मात्र पैसे नाहीत. कॉलेज म्हणते, आमच्याकडून झाले. (बी.फार्म. विद्यार्थी, पंचवटी)

कॉलेज बहुधा बरोबर सांगते आहे. हे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. तुमच्या आधारला एनपीसीआयकडे (बँकांचे व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) जे खाते जोडलेले आहे, तिकडे ते वळतात. पासबुकाची प्रत जोडली, बँकेत केवायसीसाठी आधार दिले, एवढ्याने ही जोडणी होत नाही. तिला बँकेत ‘आधार सीडिंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो.

आधी मायआधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. आधारला लिंक असलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचे नाव व ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘इनॲक्टिव्ह’ दिसते. तिथे तुम्ही विसरलेलीच एखादी बँक दिसण्याची शक्यता मोठी: शाळेत असताना उघडलेले शून्य शिलकीचे खाते, किंवा सिम घेताना नकळत उघडले गेलेले पेमेंट्स बँकेचे खाते. ज्या खात्याला शेवटी सीडिंग झाले, तेच चालू धरले जाते. खाते चालू असेल तर पैसे तिथेच पडलेले असू शकतात, एकदा एंट्री मारून पाहा. बंद असेल तर पैसे परत जातात. मग तुमच्या नेहमीच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जाऊन संमती अर्ज द्या, पोच घ्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

नाशिक जिल्ह्यात घरोघरी पतसंस्थेची खाती आहेत. ती यासाठी चालत नाहीत. वडिलांसोबतचे संयुक्त खातेही टाळा, खाते विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाचे असावे.

मी सुरगाण्याचा, अनुसूचित जमातीचा. नाशिकला खोली करून राहतो. फक्त फीचीच मदत मिळते का?

नाही. महाडीबीटीवरची पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) वेगळी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर जेवण-निवासासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्यामुळे एक भरला म्हणून दुसरा आपोआप होत नाही. चौकशीसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा. आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, पण अर्जाची अडचण प्रकल्प कार्यालयातच सुटते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, तिची चौकशी नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात करावी.

बारावीला ८४ टक्के, खुला प्रवर्ग, बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वडील सातपूरला कंपनीत, उत्पन्न ४ लाखांच्या आत. काही आहे का?

आहे. केंद्राची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरता येते. उत्पन्न मर्यादा साडेचार लाख, पदवीला वर्षाला १२ हजार रुपये. अट ८० पर्सेंटाइलच्या वर असण्याची आहे, म्हणजे शाखेतल्या वरच्या २० टक्के मुलांत असण्याची, ८० टक्के गुणांची नव्हे. तुमच्या शाखेची रेषा बोर्ड ठरवते, ती ८४ च्या वर असेल तर अर्ज बाद होतो. नियमित अभ्यासक्रम हवा, डिप्लोमा चालत नाही. तंत्रशिक्षणाचा डिप्लोमा करणाऱ्या मुलींनी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती योजना पाहावी, तिथे वर्षाला ५० हजार आहेत.

या पोर्टलवर आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. तिथले नाव आधारवरून येते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढ्याने बहुधा अडत नाही, पण ‘राजेंद्र’चा ‘राजेन्द्रा’ झाला असेल तर आधार दुरुस्त करा. नाव बदलण्याची संधी फक्त दोनदा मिळते, म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेवरील स्पेलिंगप्रमाणेच करा. अर्ज भरून झाल्यावर कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने तो पडताळावा लागतो. तो त्यांच्या लॉगिनवर पडून राहिला की संपले. मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी कार्यालयात डोकावून विचारा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

सायबर कॅफेवाल्याने अर्ज भरून दिला. आता पासवर्ड माहीत नाही. (एक वाचक, मनमाड)

बहुधा मोबाइल नंबरही त्याचाच टाकला असेल. मग अर्ज ‘सेंट बॅक’ झाल्याचा, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आल्याचा, निरोप तुम्हाला येणारच नाही आणि त्रुटी दुरुस्त करायची मुदत टळते. आधारने नोंदणी झाली असेल तर आधारच्या ओटीपीने आत जाऊन पासवर्ड आणि मोबाइल नंबर बदलता येतो, त्यासाठी आधारला तुमचा चालू नंबर जोडलेला हवा. दोन्ही पोर्टलांवर अर्जाला शुल्क नाही. कॅफेवाल्याला टायपिंगचे आणि स्कॅनिंगचे पैसे द्या, ओटीपी मात्र स्वतः टाइप करा आणि अर्जाचा आयडी असलेली प्रिंट घेऊनच उठा.