अंधारलेल्या लिफ्टमधला अर्धा तास

प्रश्न : गाजलेल्या जुन्या विज्ञानपटाचा महागडा रिमेक पाहून तुमची निराशा झाली आहे का? नेमकी कशामुळे?

झाली आहे, आणि चांगलीच. चित्रपट 'द डे द अर्थ स्टूड स्टिल', म्हणजे पृथ्वी थांबली तो दिवस. मूळ १९५१चा, रॉबर्ट वाइझने दिग्दर्शित केलेला, कृष्णधवल. रिमेक २००८चा, कियानू रीव्हज नायक, खर्च सुमारे आठ कोटी डॉलर. रिमेक पडला वगैरे नाही, पैसे त्याने व्यवस्थित वसूल केले. निराशा झाली ती माझी.

मूळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टनमध्ये परग्रहावरची उडती तबकडी उतरते, क्लाटू नावाचा पाहुणा बाहेर येतो, भेट म्हणून आणलेली वस्तू पुढे करतो आणि घाबरलेला एक सैनिक त्याला गोळी घालतो. क्लाटूला रुग्णालयात नेतात, तिथून तो निसटतो. आता इथे आजचा कुठलाही दिग्दर्शक पाठलाग सुरू करेल. वाइझचा क्लाटू मात्र एका बोर्डिंग हाउसमध्ये भाड्याने खोली घेतो! न्याहारीच्या टेबलावर सगळे भाडेकरू त्याच्याबद्दलच बोलत असतात आणि तो शेजारी बसून ऐकत असतो. एक बाई तर ठामपणे सांगते की हा प्राणी परग्रहावरचा नाहीच, इथलाच आहे, आणि कुठला ते सगळ्यांना कळलंच असेल. रोख अर्थातच रशियाकडे. शीतयुद्धाचं सगळं वातावरण त्या एका वाक्यात येतं, तेही चहा-कॉफी चालू असताना.

मग घरातला लहान मुलगा बॉबी त्याला शहर दाखवायला नेतो. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत बॉबीच्या वडिलांची कबर आहे. एवढे सगळे लोक युद्धात मेले का, असं क्लाटू विचारतो. मुलगा सहज सांगतो, हो, बहुतेक. कुणी रडत नाही, संगीत दाटून येत नाही.

रिमेकमध्येही मुलगा आहे, वडिलांची कबरही आहे. पण इथे क्लाटू आधीच निकाल लावून बसलाय : पृथ्वी वाचवायची तर माणसं नष्ट करायची. कल्पना वाईट नाही हं, उलट मूळ चित्रपटातल्या अणुबॉम्बच्या भीतीच्या जागी पर्यावरण आणणं मला अगदी रास्त वाटलं होतं. गोची पुढे होते. कबरीपाशी आई आणि सावत्र मुलगा एकमेकांना मिठी मारून रडतात, ते पाहून क्लाटूचं मन पालटतं. ज्याने वाटेत गाडीच्या काचेतून जेमतेम चार माणसं पाहिली, त्याला एका मिठीत अख्खी मानवजात उमगली? मला नाही पटलं. मूळ क्लाटूने या लोकांत राहून, त्यांच्या टेबलावर जेवून त्यांना पाहिलं होतं. रिमेकने पटकथेतून नेमकं ते घरच काढून टाकलं.

आता शीर्षकातली घटना. जुन्या चित्रपटात क्लाटू जगभरची वीज अर्धा तास बंद पाडतो. गाड्या, कारखाने, सगळं ठप्प. फक्त रुग्णालयं आणि उडणारी विमानं वगळतो. एवढ्या एका तपशिलावरून कळतं की हा धमकी द्यायला आलाय, पण याला माणसाच्या जिवाची चाड आहे. आणि ही जागतिक उलथापालथ चालू असताना तो स्वतः असतो कुठे? बॉबीच्या आईबरोबर, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. तिथे तो तिला स्वतःबद्दल खरं सांगतो. रिमेकच्या शेवटी वीज जाते ती कायमची. शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्यांचं काय, हवेतल्या विमानांचं काय, याचा विचार क्लाटूही करत नाही आणि पटकथाकारही.

क्लाटूबरोबर आलेल्या गॉर्ट या यंत्रमानवाबद्दल तर काय बोलू. १९५१चा गॉर्ट म्हणजे रबरी पोशाखातला लॉक मार्टिन, सात फुटांहून उंच माणूस. पोशाख दोन होते, एकाची चेन पुढे, दुसऱ्याची मागे, म्हणजे कुठूनही दाखवला तरी सांधा दिसू नये. नायिकेला उचलणं त्याला झेपेना म्हणून तारा लावाव्या लागल्या. एवढं असूनही तो नुसता उभा राहिला तरी भीती वाटते. संगणकावर घडवलेला नवा गॉर्ट कितीतरी पट मोठा आहे, आणि मग त्याचे असंख्य किडे होऊन ते स्टेडियम खातात, ट्रक खातात. मला भीती सोडाच, जांभई आली.

मूळ चित्रपट धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. 'शांततेत राहा, नाहीतर राख करू' हा त्याचा निरोप आज ऐकताना खटकतो. गॉर्टसारख्या यंत्रमानव पोलिसांच्या धाकाखालची शांतता कुणाला हवी आहे?

आणि रिमेकमध्ये एक प्रसंग खरोखर सुंदर आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते. क्लाटू एका रेस्टॉरंटमध्ये आपल्याच जातीच्या एका म्हाताऱ्याला भेटतो. हा सत्तर वर्षं माणूस बनून इथे राहिलाय. माणसं विध्वंसक आहेत, बदलणार नाहीत, असा अहवाल तो शांतपणे देतो आणि वर सांगतो की मी मात्र परत येणार नाही, यांच्यावर माझं प्रेम आहे, यांच्याबरोबरच मरेन. जेम्स हाँगने काय काम केलंय! मी रिमेक पुन्हा पाहिला तर तेवढ्यासाठीच. त्या म्हाताऱ्याची सत्तर वर्षं सोडून कॅमेरा क्लाटूबरोबर परत गाडीत का बसला, हे मला आजही कळलेलं नाही.