पेशी, कोशिका आणि पेशस्कारी

सोलापूरची एक विद्यार्थिनी विचारते: ‘रक्तातल्या प्रतिकारक पेशींचे जनुकीय अभिव्यक्तीनुसार वर्गीकरण’ हे मराठी बरोबर आहे का? मार्गदर्शक म्हणतात, ‘पेशी’ काढा, ‘कोशिका’ घाला.

मुळीच घालू नका. हिंदीला कोशिका लागते, कारण तिथे पेशी म्हणजे एक तर स्नायू, नाहीतर कोर्टाची तारीख. आपला घोळ वेगळाच आहे. डेंग्यूची साथ आली की जो तो “पांढऱ्या पेशी कमी झाल्या” म्हणतो आणि बोट ठेवतो रिपोर्टातल्या प्लेटलेटच्या ओळीवर! प्लेटलेट लाखांत मोजतात, पांढऱ्या पेशी हजारांत. प्लेटलेट हे तर नुसते पेशीचे तुकडे, त्यांना केंद्रकही नसतं.

आता मूळ पाहा. वेदांमधला पिश् धातू म्हणजे कोरणं, घडवणं, सजवणं. पेशी त्यातलीच, असं माझं ठाम मत आहे. सुश्रुत शरीरात ५०० पेशी मोजतो, त्या मांसाच्या. पण याच धातूचा पेशस् म्हणजे घडीव, नक्षीदार रूप. बृहदारण्यक उपनिषदात (४.४.४) पेशस्कारी, म्हणजे पेशस् करणारी, नवं, अधिक सुंदर रूप ‘तनुते’, म्हणजे ताणते, पसरते. शंकराचार्य इथे पेशस्कारीचा अर्थ सोनार घेतात. मला ते अजिबात मान्य नाही. तन् धातूतूनच आपला मागावरचा ताणा आला, आणि सोनार ताणा लावत नाही. यजुर्वेदातली पेशस्कारी तर भरतकाम करणारी बाई आहे. उपनिषदातली ही विणणारीच!

सोलापूरकरांना हे सांगायला नको. जेकार्डच्या चादरीत सूत तेच असतं. कार्डावरची भोकं कोणता धागा उचलतात, त्यावर मोर उमटतो की कमळ. पेशींतही जनुकांचा संच जवळजवळ एकच असतो, कोणतं जनुक चालू त्यावर रूप ठरतं. जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखने १८७९ मध्ये रंग देऊन इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वेगळ्या ओळखल्या, पण टी आणि बी लिंफोसाइट या दोन जातींच्या पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. तिथे एकेका पेशीतला आरएनए, म्हणजे चालू जनुकांची नक्कल, वाचावा लागतो. सीडी३ची (सीडी ही पेशीवरच्या खुणेच्या रेणूंची नावं) जनुकं चालू असली तर टी, सीडी१९चं असलं तर बी, सीडी१४चं भरपूर चालू असलं तर मोनोसाइट ही आणखी एक पांढरी पेशी. ग्रॅन्युलायसिन या मारक प्रथिनाचं जनुक भरपूर चालू आणि सीडी३ नाही, ती बहुधा एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’ पेशी.

कोश म्हणजे वेष्टन. वर्गीकरण वेष्टनाचं होत नाही, पेशसाचं होतं. म्हणून पेशीच.

‘अभिव्यक्ती’, म्हणजे जनुक चालू असणं, हा शब्द राहू द्या. फक्त ‘जनुकीय’च्या जागी ‘जनुकांच्या’ लिहा. अभिव्यक्त होतं ते जनुक.